अनुमोदकाचं कारण

वही मिटल्याशिवाय भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही, हा गॅड्सडेन घराण्याचा नियम आजोबा एझ्रांनी घालून दिला होता आणि त्यांच्या मागे लव्हिनिया आत्याने तो त्यांच्याहून कडक पाळला. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी नदीकाठच्या बागेत सगळं कुळ जमायचं. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट, यंदा हळदीसारखे पिवळे. निवड सेड्रिकच्या बायकोची, व्हर्नेलची, त्यामुळे कुरकुर सगळ्यांची. लांबलचक टेबलांवर तळलेला मासा, कोलार्डच्या पाल्याची भाजी, मॅकरोनी, पीचचा गोड कॉब्लर आणि मधोमध साऊथ कॅरोलायनाचा लाल भात. आणि त्या सगळ्याच्या आधी रीतसर सभा. ठराव, अनुमोदन, चर्चा, मत. आजोबा काळे, म्हणून त्यांना तिकडे दक्षिणेत कुणी मतदानाच्या खोलीच्या उंबऱ्यावरही उभं केलं नव्हतं. उत्तरेला आल्यावर त्यांनी आधी घरात मतदान सुरू केलं आणि मग चूल पेटवली, असं आत्या सांगे. आत्या सांगे त्यातलं निम्मं खरं असे, पण हे पूर्ण खरं होतं.

डेल्फीन पोचली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. गाडीतून उतरताना तिच्या लक्षात आलं, की पत्ते खेळणाऱ्यांचा आवाज एकदम खाली आला. आठवडाभर ती राजधानीत होती. पोलीस सुधारणेच्या विधेयकावर दोन्ही सभागृहांची समिती अडून बसली होती, आणि गुरुवारी तडजोड झाली ती डेल्फीनच्या मध्यस्थीने. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता, तोंड उघडं असलेला. सोमवारी मतदान. तिच्या शब्दावर आठ मतं होती, आणि त्या आठांशिवाय विधेयक तरत नव्हतं.

“आल्या बाईसाहेब,” व्हर्नेल म्हणाली. “फोटोत बारीक दिसत होतीस गं. जेवायला देत नाहीत वाटतं तिथे?”

“देतात. पण तुझ्या पोटॅटो सॅलडनंतर ते सगळं गोडच लागतं.”

“बघ बाई, आमदार झाली तरी जिभेला हाड नाही ते नाहीच,” व्हर्नेल म्हणाली आणि तिने डेल्फीनला घट्ट मिठी मारली. मग कानाशी हळूच, “तो शेगडीपाशी आहे. सकाळपासून कुणाशी बोललेला नाही. चिडू नकोस त्याच्यावर.”

सेड्रिक, तिचा थोरला भाऊ, पाठमोरा उभा होता. पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षं पोलिसात, त्यातली नऊ सार्जंट म्हणून. मासा तळण्याचं काम त्याचं, कारण दुसऱ्या कुणी तळला तर तो शेजारी उभा राहून सल्ले देऊन जीव नकोसा करायचा. डेल्फीन त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. लहानपणापासून पत्त्यांत, स्पेड्सच्या डावात, ते दोघं जोडीदार. तीस वर्षांत त्यांनी किती जोड्यांना हरवलं असेल त्याचा हिशोब नव्हता. आज पत्त्यांच्या टेबलावर त्यांची जागा रिकामी होती.

“वाचलं,” सेड्रिक म्हणाला. “आमच्या संघटनेने गुरुवारी रात्रीच मसुदा पाठवला.”

“काय म्हणते संघटना?”

“संघटना म्हणते, डेल्फीन गॅड्सडेनने आमच्या पाठीत सुरा खुपसला. अल्व्हिन म्हणतो, तू त्याच्या पाठीत खुपसलास. दोन्हीकडे सुरे, म्हणजे हात चांगला बसलाय तुझा.” तो हसला नाही. त्याने मासा उलटला. “मागच्या तीन वर्षांतली प्रकरणं उघडायचं ते कलम. ते कुणाच्या डोक्यातून आलं?”

डेल्फीनने तेलाकडे बघितलं. “माझ्या.”

“हं.”

“त्याच्यासाठी बरंच काही सोडलं मी.”

“ते दिसतंय,” सेड्रिक म्हणाला. “थेरनचं प्रकरण दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीचं. तीन वर्षांत बसतं.”

“बसतं.”

सेड्रिकने पुढचा मासा तेलात सोडला. त्याला कळलं होतं की तिला ठाऊक आहे, आणि तिला कळलं होतं की त्याला ते कळलं. तेवढ्यात आत्याची घंटा वाजली. शाळेत वाजवतात तसली पितळी घंटा, आजोबांचीच.

थेरन हा अल्व्हिनचा मुलगा. अल्व्हिन म्हणजे डेल्फीन आणि सेड्रिकचा चुलतभाऊ, तिघं एकाच ओसरीवर वाढलेले. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये थेरन चर्चमधून ट्रॉम्बोनचा सराव आटोपून निघाला असताना एका पोलिसाने त्याची गाडी अडवली. गाडीचा मागचा दिवा गेला होता. थेरनने दोन्ही हात गाडीच्या टपावर ठेवले होते. तरी त्या पोलिसाने त्याचं डावं मनगट मागे ओढून पिरगाळलं, आणि त्यातली शीर कायमची गेली. दोन बोटं मिटत नाहीत. अल्व्हिनने दावा लावला. न्यायाधीशांनी कागद वाचले आणि सांगितलं, पोलिसाला कायद्याचं कवच आहे. हुबेहूब असंच वागणं बेकायदा आहे, असा आधीच्या कुठल्या कोर्टाचा निकाल दाखवा, तर पुढे जाऊ. अल्व्हिनच्या वकिलाने एक निकाल शोधून आणला, पण त्यातला माणूस जमिनीवर पडलेला होता आणि थेरन उभा होता. दावा साक्षीपुराव्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या कागदपत्रांत एक चाळीस ओळींचा अहवाल होता. खाली खूण केलेली: बळाचा वापर नियमानुसार. पर्यवेक्षकाच्या नावाच्या जागी सही नावाची अशी नव्हतीच, एक फराटा आणि बिल्ला क्रमांक 417. अल्व्हिनला आकडे कधी लक्षात राहत नाहीत. डेल्फीनला तो आकडा विसरणं शक्य नव्हतं. सेड्रिक सार्जंट झाला तेव्हा केकवर निळ्या क्रीमने तो आकडा तिनेच लिहून घेतला होता. वर्षभर तिने तो कुणालाही सांगितला नव्हता. तिला भावाचा राग येई, आणि रागाच्या मागोमाग माया येई, आणि मग मायेचाच राग येई. असं वर्ष काढलं होतं तिने.

सभेला सगळे बाकांवर बसले. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोक्यावर चर्चची टोपी, पिवळ्या शर्टाशी अजिबात न जुळणारी. तिने मागच्या वर्षीची टिपणं वाचली. दफनभूमीतल्या कुंपणाची रंगरंगोटी, दोन नवी बाळं, पोटॅटो सॅलडबद्दल नोंदवलेली तक्रार.

“ती तक्रार अजून वहीत आहे?” व्हर्नेल म्हणाली.

“वहीतलं काही खोडत नाहीत, बाळ. पुढचं. कुणाचा नवा ठराव?”

अल्व्हिन उठला. उंच, हडकुळा माणूस. शाळेची बस चालवायचा आणि मुलांवर कधी आवाज चढवायचा नाही. आज त्याचा आवाज आधीपासूनच कापत होता.

“माझा ठराव आहे. या कुटुंबाने डेल्फीनला सांगावं, की सोमवारी त्या तडजोडीच्या विरोधात मत दे.”

बाकांवर चुळबुळ झाली. कुटुंबाचा ठराव काही कायदा नव्हता. पण डेल्फीनची पहिली उमेदवारी याच टेबलावर ठरावाने ठरली होती, दारोदार फिरले होते ते हेच लोक, आणि वहीत लिहिलेल्या शब्दाविरुद्ध आजवर एकही गॅड्सडेन गेला नव्हता. ते तिला माहीत होतं आणि अल्व्हिनलाही.

“अनुमोदन?” आत्याने चष्म्यावरून बघितलं.

“माझं,” सेड्रिक म्हणाला.

आता मात्र सगळ्यांच्या माना वळल्या. हे दोघं वर्षभर एकमेकांशी धड बोलले नव्हते. थेरनचा दावा फेटाळला गेल्यापासून अल्व्हिनला पोलिसाचा गणवेश दिसला की तो रस्ता बदलायचा, मग आत भाऊ का असेना. आणि आज दोघं एका बाजूला. अल्व्हिन स्वतःच गोंधळला.

“तू कशाला?” तो म्हणाला.

“मलाही ते विधेयक नको.”

“मला ते नको कारण त्यात काहीच नाही. तुला नको कारण त्यात जास्त आहे.”

“असेना. मत तर एकच पडतं ना?”

कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. तिने पेन वहीवर टेकवलं. “अनुमोदकाने उभं राहून कारण सांगायचं, सेड्रिक. विसरलास?”

हा नियम आजोबांचाच. पूर्वी आजीच्या थडग्यावरच्या दगडावरून भांडण झालं होतं, तेव्हा एका मेव्हण्याने नुसतं ‘अनुमोदन’ म्हणून आग लावली आणि स्वतः खायला निघून गेला. तेव्हापासून ठराव मांडणाऱ्याला बोलायची मुभा होती, पण अनुमोदकाला बोलणं सक्तीचं होतं. आणि कारण स्वतःचं हवं.

सेड्रिक उभा राहिला. संघटनेच्या सभेत तो वर्षाला पन्नास ठरावांना हात वर करून मोकळा होत असे. इथे हात वर करताना हा नियम त्याच्या ध्यानातच राहिला नव्हता. “पोलिसाला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं,” तो म्हणाला. “कवच गेलं तर तो ठरवायलाच घाबरेल. पोरं भरतीला येणार नाहीत. घरादाराची काळजी ज्याला आहे, तो हे काम कशाला करील?”

“हे पत्रकात वाचलं मी,” आत्या म्हणाली. “निळ्या कागदाचं होतं. ते संघटनेचं कारण झालं. वहीला तुझं हवंय.”

सेड्रिकने तेलकट हात शर्टाला पुसले.

“आत्या, त्याला जरा राहू दे,” डेल्फीन उठली. “आधी मी बोलते. माझं म्हणणं तर ऐका.” तिला त्याला वाचवायचं होतं, आणि आपण वाचवतोय हे त्याला कळू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम जमण्यासारखं नव्हतं.

“बोल,” अल्व्हिन म्हणाला. “निवडणुकीत याच टेबलावर चढून म्हणाली होतीस, कवच काढून टाकीन. सगळं. मुळासकट. मी टाळ्या वाजवल्या होत्या, हात लाल होईपर्यंत.”

“म्हणाले होते. वर्षभर भांडले. माझ्याकडे तेवढी मतं नाहीत, अल्व्हिन. अकरा कमी पडतात. अकरा काय आकाशातून आणू?”

“मग काय आणलंस?”

“एक मंडळ आणलं. पोलिसांचा परवाना त्याच्या हातात राहील. ज्याने गैर केलं असेल त्याचा परवाना मंडळ रद्द करील, आणि परवाना गेला की त्या प्रकरणापुरतं त्याचं कवच गेलं. मग कोर्टाला जुना निकाल दाखवत बसायचं नाही.”

“आणि परवाना नाही गेला तर?”

“तर कवच राहतं.”

“म्हणजे दारावरचं कुलूप तसंच, फक्त किल्ली मंडळाकडे.”

“हो. तसंच. आधी किल्लीच नव्हती.” तिचा आवाज चढला. “आणि मागच्या तीन वर्षांतली प्रकरणंही मंडळापुढे नेता येतील. ते कलम कुणालाच नको होतं. आमच्या लोकांनाही नको होतं, त्यांना वाटत होतं त्यापेक्षा कवचाचा आणखी एक तुकडा तोडून घ्यावा. मी तो तुकडा सोडला आणि तीन वर्षं घेतली. रागव माझ्यावर, पण कशासाठी ते तरी बघ.”

अल्व्हिनने थेरनकडे बघितलं. थेरन दुसऱ्या बाकावर बसला होता, डावा हात मांडीवर, दोन बोटं सरळ.

“माझ्यासाठी?” थेरन म्हणाला.

“तुझ्यासाठी.”

तिला वाटलं होतं की हे ऐकून अल्व्हिन विरघळेल. तो उलट आणखी पेटला, पण आवाज मात्र खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं.

“मंडळापुढे काय होईल ते सांगू? माझा पोरगा उभा राहील, म्हणेल माझे हात टपावर होते. तो पोलीस म्हणेल, नव्हते. त्याचा अहवाल आहे, वरच्याची सही आहे, नियमानुसार. चित्रफीत खातं आम्हाला दाखवत नाही. मग मंडळ विचारील, अजून कोण साक्षीला? कोण येणार आहे, डेल्फीन? पोलिसाच्या विरुद्ध पोलीस? मला एक माणूस दाखव. एक. नाव सांग त्याचं, मी आत्ता ठराव मागे घेतो आणि तुझ्या गाडीला धक्का मारत राजधानीपर्यंत येतो.”

डेल्फीनला नाव माहीत होतं. ते तिच्या जिभेवर होतं. ती काही बोलली नाही. तिने सेड्रिककडेही बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तेही बोलण्यासारखंच झालं असतं. तिने टेबलावरच्या माशांच्या ताटावरून एक माशी हाकलली. सोमवारी आपण हरणार, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि भावाला तोंडघशी पाडून जिंकायचं नाही हेही तिने ठरवून टाकलं.

“आत्या,” सेड्रिक म्हणाला. तो अजून उभाच होता. “मी अनुमोदन मागे घेतो.”

“त्यालाही कारण लागतं.”

“लागतं ना. लिही.” त्याने हात पाठीमागे बांधले, हजेरीला उभे राहतात तसे. “त्या दिवशी पाळीचा सार्जंट मी होतो.”

व्हर्नेलने हातातला पेला खाली ठेवला.

“पाळी संपत आली होती. टेबलावर चौदा अहवाल. नियम असा, की बळाचा वापर झाला असेल तर आधी पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत बघायची, मग सही करायची. पंचवीस मिनिटांची चित्रफीत. मी बघितली नाही. कुणीच बघत नाही. चौदाही अहवालांवर खूण केली, क्रमांक टाकला आणि घरी गेलो.” तो थेरनकडे वळला. “मी नावसुद्धा वाचलं नव्हतं, थेरन. आपलं आडनाव होतं त्याच्यावर. गॅड्सडेन. मोठ्या अक्षरात. मी वाचलं नाही.”

थेरनने मांडीवरच्या हाताकडे बघितलं. नदीवर कुणाची तरी मोटारबोट गेली.

“दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला, तेव्हा जाऊन चित्रफीत बघितली. हात टपावर होते. तू म्हणतोस तसेच. सही मागे घेता आली असती. तीन दिवस रोज ठरवत होतो, उद्या घेतो. चौथ्या दिवशी ठरवायचं बंद केलं. मग वाटलं, दावा आहेच, कोर्ट बघेल. कोर्टाने पण बघितलं नाही. आता मंडळ बघेल, म्हणून मला ते विधेयक नको होतं. हेच माझं कारण आहे, आत्या. घरादाराचं, भरतीचं, ते सगळं पत्रकातलं.”

अल्व्हिन सेड्रिकच्या समोर आला. त्याची मूठ वळलेली होती. डेल्फीनने पाऊल पुढे टाकलं, पण आत्याने पेनाने तिला थांबवलं.

“दोन वर्षं,” अल्व्हिन म्हणाला. “दोन वर्षं इथे याच रांगेत माझ्या पोराची प्लेट धरायचास.”

“हो.”

“मी रात्री बायकोला म्हणायचो, गणवेश जाऊ दे, माणूस चांगला आहे.”

“मला माहीत आहे, तू काय म्हणायचास.”

अल्व्हिनची मूठ उठलीच नाही. तो वळला आणि नदीच्या काठापर्यंत जाऊन पाठमोरा उभा राहिला. पिवळ्या शर्टावर मागे मोठ्या अक्षरांत ‘गॅड्सडेन परिवार’ लिहिलेलं होतं, आणि त्याचे खांदे हलत होते.

डेल्फीन भावाजवळ गेली. “मी सांगणार नव्हते, दादा.”

“माहीत आहे. माशी हाकलत होतीस.” त्याचे डोळे भरले होते. “तुला पत्त्यांतही कधी लपवता आलं नाही. जोडीदार मी होतो म्हणून चाललं.”

“मंडळापुढे जाशील?”

“विधेयक झालं तर जाईन. सोमवारी मतदान बघायलाही येतो. पट्ट्या जातील बाहीवरच्या. कदाचित कामही जाईल. संघटनेचे लोक तर तोंडही बघणार नाहीत.” त्याने नाक पुसलं. “तेव्हा ते कलम नीट लिहिलंय ना तुम्ही? का अर्धवट?”

“नीट लिहिलंय,” ती म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिला त्याच्याबद्दल लाज वाटत होती आणि त्याच्याइतकं जवळचं तिला या जगात कुणी नव्हतं.

आत्याने घंटा वाजवली, हळूच, एकदाच. “अनुमोदक उरला नाही, म्हणून ठराव बाद झाला,” तिने लिहिता लिहिता वाचून दाखवलं. “अनुमोदकाचं कारण जोडलं आहे.” मग चष्मा काढला. “सेड्रिक, तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला इथून हाकललं असतं. आणि मग स्वतः रस्त्यापर्यंत शोधायला गेले असते. मला या वयात तेवढं चालवत नाही, तेव्हा तू इथेच राहा.” तिने वही मिटली आणि व्हर्नेलने भातावरचं झाकण काढलं.

रांग लागली, पण नेहमीचा गोंधळ नव्हता. मुलंसुद्धा हळू बोलत होती. थेरन प्लेट घेऊन भाताच्या पातेल्यापाशी उभा राहिला. डाव्या हाताने प्लेट धरली तर ती कलंडते आणि उजव्या हातात प्लेट घेतली तर वाढून घेता येत नाही. मागच्या दोन्ही वर्षी या जागी न सांगता सेड्रिक येऊन प्लेट धरायचा. आज तो रांगेच्या बाहेर, शेगडीपाशी, विझलेले कोळसे उगाच ढवळत होता. डेल्फीन पुढे झाली, पण थेरनने मान हलवली.

“काका,” त्याने हाक मारली. “भूक लागलीय.”

सेड्रिक जागचा हलला नाही.

“मी माफ बिफ काही केलेलं नाही,” थेरन म्हणाला. “ते मी अजून ठरवलेलं नाही. तिथे मंडळापुढे तू बोललास की ठरवीन. पण प्लेट धर. भात गार होतोय.”

सेड्रिक आला. त्याने दोन्ही हातांनी प्लेट धरली, जड काही असावं तशी. थेरनने पळी उचलली, तेवढ्यात मागून एका हडकुळ्या हाताने ती काढून घेतली. अल्व्हिन कधी परत आला ते कुणी बघितलं नव्हतं. त्याचे डोळे लाल होते. तो सेड्रिककडे न बघता पोराला भात वाढू लागला.

“विचार त्याला,” अल्व्हिन थेरनला म्हणाला, “सोमवारी मतदान बघायला राजधानीला किती वाजता निघणार आहे. धक्का मारत येतो म्हणालोय मी, उन्हाळी शाळेच्या बसची पाळी बदलून घ्यावी लागेल.”

थेरनने सेड्रिककडे बघितलं. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि त्यात ती प्लेट होती.

“सहाला,” सेड्रिक म्हणाला.

“सांग त्याला, साडेपाचला,” अल्व्हिन म्हणाला. “सहाला पुलावर गर्दी होते.” आणि त्याने प्लेटमध्ये आणखी एक पळी भात घातला.